नावपट्टी नसलेली विजेची गाडी

एखाद्या माणसाने आपल्या पत्राशेडमध्ये, स्वतःच्या पैशाने आणि दोन-चार सोबत्यांच्या मदतीने तयार केलेली जुनी विजेची मोटारगाडी ओळखणे हे वाहनांच्या इतिहासातील अत्यंत किचकट काम आहे, कारण कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीमागे चासी क्रमांकांच्या नोंदवह्या, सुट्या भागांच्या याद्या, विक्रेत्यांची माहितीपत्रके आणि वर्तमानपत्री जाहिराती असा जो कागदांचा पसारा असतो, त्यांपैकी काहीही अशा गाडीमागे नसते. तिच्या बॉनेटवर बोधचिन्ह नसते, असलेच तर ते दुसऱ्याच कंपनीचे असते. तिच्या आरसी बुकात, ते उपलब्ध असेल तर, मूळ पेट्रोल गाडीचे नाव लिहिलेले असते. आणि ती तयार करणारा माणूस हयात नसेल, तर ‘ही कोणाची, कोणत्या साली केली, किती चालली’ या प्रश्नांची उत्तरे फक्त लोखंड, तांबे आणि शिसे यांच्याकडूनच मिळवावी लागतात. ती मिळवता येतात, आणि बहुतेक वेळा समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक मिळतात, हे या लेखात सांगायचे आहे. त्याचबरोबर हे काम जुन्या गाड्यांचे संग्राहक किंवा लिलावदार यांच्यापेक्षा मोटर रिवाइंड करणारे, लेथवर उभे राहिलेले आणि बॅटऱ्या दुरुस्त करणारे कारागीर अधिक चांगले करू शकतात, हेही सांगायचे आहे.

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव दाभाडे या पट्ट्याला हा विषय विशेष जवळचा आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या एकाच मार्गावर आकुर्डीत बजाजच्या स्कूटर व रिक्षा आणि बजाज टेम्पोची मॅटॅडोर, पिंपरीत टेल्कोचे ट्रक, आणि १९६९ पासून चिंचवडला क्लोराइड इंडियाच्या, म्हणजे आजच्या एक्साइडच्या, बॅटऱ्या तयार होत होत्या. त्यामुळे रिक्षाचे डिफरन्शियल, मॅटॅडोरचे पाटे, फोर्कलिफ्टमधून उतरवलेली मोटर आणि त्या सर्वांची सांगड घालू शकणारा फिटर हे चारही घटक एका सायकलच्या टप्प्यात मिळावेत, अशी स्थिती या भागात काही दशके होती. शिवाय मुंबई-पुणे लोहमार्ग १९३० च्या सुमारास विजेवर आला तो १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर (ज्याची दिशा बदलत नाही असा, बॅटरीतून मिळतो तसा प्रवाह), आणि या मार्गाच्या देखभालीत वाढलेल्या कामगारांना कम्युटेटर, कार्बन ब्रश आणि आर्मेचर हे शब्द पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

तळेगाव हे तर स्वदेशी उद्योगाचे जुने गाव. अंताजी दामोदर काळे यांनी पै-पै गोळा करून उभ्या केलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काच कारखाना निघाला, आणि त्याची सूत्रे परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, जनरल मोटर्सने तळेगावात कारखाना सुरू केला. याच कंपनीने २०११ साली बीट या छोट्या गाडीची विजेवर चालणारी प्रायोगिक आवृत्ती भारतात दाखवली, पण ती विक्रीला आली नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनच थांबले. त्यानंतर हा कारखाना घेऊ पाहणाऱ्या चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सचा करार २०२२ मध्ये बारगळला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला. या प्रत्येक हालचालीची बातमी, पत्रक, सरकारी आदेश आणि छायाचित्र आज उपलब्ध आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांतही उपलब्ध राहील. मोठ्या कारखान्याने रद्द केलेल्या एका प्रायोगिक गाडीची नोंद राहते, पण एखाद्या फिटरने खरोखर रस्त्यावर चालवलेल्या गाडीची राहत नाही, ही या विषयातील मूळ विषमता आहे.

अनामिक गाडी समोर आली की पहिले काम म्हणजे ती खरोखर घरगुती आहे का, हे तपासणे, कारण थोड्या संख्येने तयार झालेल्या कारखानी गाड्या पुष्कळदा घरगुती समजल्या जातात. जगभरात, विशेषतः इंधनटंचाईच्या काळात, अशा गाड्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये प्यूजोने १९४१ ते १९४३ या काळात व्हीएलव्ही नावाच्या ३७७ छोट्या विजेच्या गाड्या केल्या. युद्धोत्तर जपानमध्ये पेट्रोलच्या तुटवड्यामुळे १९४७ साली तामा ही गाडी आली. अमेरिकेत १९५९-६० मध्ये रेनॉच्या डॉफिन या गाडीच्या सांगाड्यावर हेनी किलोवॅट तयार झाली. आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पाचरीच्या आकाराची सिटीकार, तर ब्रिटनमध्ये एन्फील्ड ८००० ही गाडी आली, जिची निर्मिती सुमारे १२० वर थांबली. हेनी किलोवॅटचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे, कारण इंजिनाचे झाकण उघडून पाहणाऱ्याला ती ‘कोणीतरी इंजिन काढून मोटर बसवलेली डॉफिन’ अशीच दिसते, आणि तिचे कारखानी मूळ केवळ नियंत्रणपेटी व तारांची शिस्त यांवरून कळते.

भारतात या तपासणीत सर्वप्रथम आठवावी अशी गाडी म्हणजे लव्हबर्ड. केरळमधील चालक्कुडी आणि तमिळनाडूतील कोइमतूर येथे काम करणाऱ्या एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिकच्या सहकार्याने ही दोन आसनांची गाडी तयार केली आणि १९९३ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात ती मांडली. शिसे-आम्ल बॅटऱ्या, एकदिश मोटर आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ६० किलोमीटर धाव, अशी तिची रचना होती. चढावर तिचा जोर कमी पडे, आणि तिला ग्राहक फारच थोडे मिळाले. आज ती एखाद्या शेडमध्ये धूळ खात उभी दिसली, तर दहांपैकी नऊ जण तिला कोणा हौशी माणसाचा खटाटोप समजतील. तिच्यानंतर आठ वर्षांनी, २००१ मध्ये, बंगळुरूहून चेतन मैनी यांची रेवा आली; पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर एबीएस प्लॅस्टिकचे पत्रे आणि आसनांखाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या ही तिची खूण आता बहुतेकांना माहीत आहे. फायबरग्लासचे अंग दिसले म्हणून गाडी घरगुती ठरवणेही घाईचे होईल, कारण बंगळुरूच्या सिपानी यांच्या बादल आणि डॉल्फिन या पेट्रोल गाड्यांनाही फायबरग्लासचीच बॉडी होती, आणि अशी हलकी बॉडी बॅटरीवर चालवण्यासाठी कोणालाही मोहात पाडील.

महाराष्ट्रात घरगुती मोटारीची ओळख ज्या एका गाडीमुळे टिकून आहे ती विजेची नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली मीरा या छोट्या गाडीचे पहिले रूप तयार केले, आणि १९७० च्या दशकापर्यंत ते तिच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिले. इंजिन मागे, अंग छोटे, किंमत सामान्य माणसाला परवडावी अशी, हा त्यांचा ध्यास होता, पण गाडी उत्पादनात कधीच आली नाही. मीरा आज ओळखता येते ती तिच्या कर्त्याने तिला नाव दिले, लोकांसमोर आणली आणि तिची छायाचित्रे काढू दिली म्हणून. अनामिक विजेच्या गाडीच्या कर्त्याने यांपैकी काहीच केलेले नसते, कारण बहुधा त्याला परवान्याची धास्ती असते, आणि गाडी विकायची नसून कामावर जाण्यापुरती वापरायची असते.

यानंतरचा प्रश्न असा की गाडी कोणाच्या आराखड्यावरून केली आहे का. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’सारख्या मासिकांनी घरी बांधता येणाऱ्या गाड्यांचे आराखडे वाचकांना विकले, त्यांपैकी अर्बा इलेक्ट्रिक ही एक होय. १९७९ साली ‘मदर अर्थ न्यूज’ या नियतकालिकाने डेव्हिड आर्थर्स या अभियंत्याने केलेल्या ओपेल जीटी गाडीची माहिती दिली, जिच्यात जेट विमानाचे इंजिन सुरू करण्यासाठी वापरली जाणारी ४०० अँपिअरची मोटर चाकांना जोडलेली होती आणि गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन बॅटऱ्या चार्ज करीत होते. या लेखाने हजारो वाचकांना पत्रे लिहायला लावले. अशा आराखड्यांवरून झालेल्या गाड्या एकमेकींच्या बहिणी असतात, आणि एकीची ओळख पटली की दुसरीची पटते. मराठीत ‘किर्लोस्कर’, नागपूरचे ‘उद्यम’ आणि पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ या मासिकांनी यंत्रविद्येची आवड घरोघर पोहोचवली होती. या पट्ट्यातील गाडीचा मागोवा घेताना त्यांच्या जुन्या संचांतील यंत्र व वाहनविषयक पाने चाळणे हे इंग्रजी मासिके शोधण्याइतकेच आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे. मोटरवरची नावपट्टी शाबूत असेल तर अर्धे काम झाले, परंतु ती काढलेली, रंगवलेली किंवा घासून गेलेली असते, आणि मग तारांची टोके जेथे बाहेर येतात त्या पेटीचे झाकण उघडावे लागते. तेथे पितळी खिळ्यांच्या शेजारी ठोकलेली अक्षरे बहुधा शिल्लक असतात आणि ती फार बोलकी असतात. भारतात दीर्घकाळ चाललेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत आर्मेचरच्या (म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याच्या) दोन टोकांना ‘ए’ आणि ‘एए’, सिरीज फील्डच्या टोकांना ‘वाय’ आणि ‘वायवाय’, तर शंट फील्डच्या टोकांना ‘झेड’ आणि ‘झेडझेड’ अशी अक्षरे देत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील जुन्या यंत्रांवर ती आजही दिसतात. अमेरिकन मोटरवर त्याच ठिकाणी ‘ए१-ए२’ आणि ‘एस१-एस२’ असते, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या मोटरवर सिरीज फील्डसाठी ‘डी१-डी२’. एवढ्या चार अक्षरांवरून मोटर देशी कारखान्यातली, आयात फोर्कलिफ्टमधली की विमानतळावरच्या भंगारातली, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

फील्ड म्हणजे मोटरच्या स्थिर भागावरील चुंबकीय वेटोळे. सिरीज मोटरमध्ये आर्मेचर आणि फील्ड यांतून एकच प्रवाह जातो, त्यामुळे तिचे फील्ड जाड तांब्याच्या पट्टीचे आणि मोजक्या वेढ्यांचे असते, आणि उभी गाडी हलवायला लागणारा सुरुवातीचा जोर ती भरपूर देते. म्हणूनच फोर्कलिफ्ट, बॅटरीवर चालणाऱ्या मालगाड्या आणि बहुसंख्य घरगुती विजेच्या गाड्या यांत तीच सापडते. तिचा एक दुर्गुण असा की बोजा नसताना तिला पूर्ण व्होल्टेज दिले तर ती वेग घेत जाते आणि स्वतःचे आर्मेचर उधळते. बारीक तारेचे पुष्कळ वेढे असलेले फील्ड दिसले, तर ती शंट मोटर किंवा फील्डला वेगळा प्रवाह देणारी मोटर असते. सुरुवातीच्या रेवात या दुसऱ्या प्रकारची मोटर होती. ट्रामच्या मोटरी वापरल्याची आख्यायिका मात्र ऐकताक्षणी बाजूला ठेवावी. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली आणि तिचे सामान भंगारात गेले हे खरे, पण त्या मोटरी पाचशे व्होल्टच्या पुढच्या आणि अजस्र वजनाच्या होत्या. ४८ किंवा ७२ व्होल्टच्या बॅटरीवर त्या गाडीला ओढूच शकत नाहीत.

काळ ठरवण्यासाठी मोटरपेक्षा नियंत्रणपेटी अधिक उपयोगी पडते. मोटर चाळीस वर्षे जुनी असली तरी चालते आणि एका यंत्रातून दुसऱ्यात फिरत राहते, पण तिचा वेग कमी-जास्त करण्याची पद्धत कर्त्याच्या काळात बाजारात काय मिळत होते यावर अवलंबून असते. सर्वांत जुन्या पद्धतीत मोठे विद्युतचुंबकीय स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, बॅटऱ्यांची जोडणी बदलून आधी १२, मग २४, मग ४८ व्होल्ट मोटरला देतात, आणि मधला धक्का सौम्य व्हावा म्हणून लोखंडी किंवा नायक्रोमच्या पट्ट्यांचा रोध घातलेला असतो. अशी गाडी पायऱ्या चढल्यासारखी वेग घेते. थायरिस्टर हा प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करणारा अर्धवाहक घटक १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि त्यावर आधारलेले चॉपर प्रथम फोर्कलिफ्टमध्ये रुळले; त्याच्या ओळखीची खूण म्हणजे अॅल्युमिनियमच्या जाड पंखांवर नटाने आवळलेला, शेपटीसारखी जाड तार असलेला धातूचा बोल्ट. मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर एकमेकांना समांतर जोडून केलेले नियंत्रक १९८० च्या दशकापासून दिसू लागतात. आतील आयसीवर छापलेले चार आकडे पुष्कळदा वर्ष आणि आठवडा सांगतात. ‘८४२३’ याचा अर्थ १९८४ सालचा तेविसावा आठवडा. गाडी त्याआधीची असू शकत नाही, एवढे त्यावरून पक्के होते, मात्र दुरुस्तीत बदललेला एकच भाग पाहून निष्कर्ष काढू नये. किमान तीन-चार भागांच्या तारखा जुळल्या पाहिजेत.

बॅटऱ्या स्वतः कधीच सापडत नाहीत, कारण शिशाला भंगारात नेहमीच भाव असतो; सापडतो तो त्यांचा ट्रे. अँगलच्या चौकटीत किती कप्पे आहेत आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी किती आहे, हे टेपने मोजले की ६ व्होल्टच्या की १२ व्होल्टच्या, मोटारीच्या की ट्रॅक्शन प्रकारच्या (म्हणजे खोलवर रिकाम्या होऊन पुन्हा भरण्यासाठी केलेल्या) बॅटऱ्या होत्या हे कळते, आणि तळाच्या पत्र्यावर अॅसिडने खाल्लेल्या डागांच्या ओळी बॅटऱ्यांची बुचे कोठे होती ते दाखवतात. यावरून गणित मांडता येते. ६ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तास क्षमतेच्या आठ बॅटऱ्या मिळून ४८ व्होल्ट आणि ९.६ किलोवॅट-तास ऊर्जा होते. शिसे-आम्ल बॅटरी एका किलोत साधारण ३० ते ४० वॅट-तास साठवत असल्याने त्यांचे वजन अडीचशे ते तीनशे किलो भरते. त्यातील फार तर ८० टक्के ऊर्जा वापरावी लागते, आणि जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखवल्याप्रमाणे जितका प्रवाह जास्त ओढावा तितकी बॅटरीची उपलब्ध क्षमता घटते. छोटी गाडी एका किलोमीटरला सुमारे १०० वॅट-तास घेते असे धरले, तर अशा संचावर साठ-सत्तर किलोमीटरपलीकडे जाणे कठीण. एखाद्या कुटुंबात ‘आमच्या आजोबांची गाडी एका चार्जमध्ये पुण्याहून महाबळेश्वरला जायची’ अशी आठवण सांगितली जाते, तेव्हा आजोबांबद्दलचा आदर तसाच ठेवून ट्रे मोजावा. तो खरे उत्तर देतो. पाटेही देतात, कारण तीनशे किलोंचा बोजा सोसण्यासाठी मागच्या पाट्यांत एखादा जास्तीचा पाटा घातलेला असतोच, आणि तो कोणत्या वाहनाचा हे ओळखणारा मिस्त्री या पट्ट्यात सापडतो.

उसन्या भागांची ही उकल होत गेली की गाडीचे बहुतेक अंग कोणत्या ना कोणत्या कारखान्याच्या नावावर जमा होते. ४.००-८ मापाचे टायर आणि त्यांची चाके रिक्षाची, ३.५०-१० ची चेतक स्कूटरची, स्टिअरिंगचा गिअर पद्मिनी मोटारीचा, गिअरबॉक्स तिचाच किंवा मॅटॅडोरचा. शेवटी ज्याला दुसरा कोणताही मालक सापडत नाही असा एकच भाग उरतो, आणि तो म्हणजे मोटर व गिअरबॉक्स यांच्यामधली अॅडॉप्टर प्लेट. पेट्रोल इंजिनाच्या मागच्या तोंडाला जुळणारे बोल्टच्या भोकांचे वर्तुळ आणि विजेच्या मोटरच्या तोंडाचे वर्तुळ एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. म्हणून बारा-पंधरा मिलिमीटर जाडीची पोलादी किंवा अॅल्युमिनियमची प्लेट कापून, तिच्यावर दोन्ही वर्तुळे आखून भोके पाडावी लागतात, आणि मोटरच्या शाफ्टला क्लचच्या तोंडाशी जोडणारा कपलर स्वतंत्र फिरवून घ्यावा लागतो. ही वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. ती कर्त्याने स्वतः केली किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून जॉबवर्कवर करून घेतली.

म्हणून या प्लेटकडे भिंग घेऊन पाहावे. कडा गॅस कटरने कापून ग्राइंडरने साफ केली आहे की लेथवर फिरवली आहे, यावरून कर्त्याच्या हाताशी काय यंत्रसामग्री होती ते कळते. प्रत्येक भोकाच्या जागी पंचचा खोल ठसा आणि त्याभोवती स्क्राइबरने ओढलेले बारीक वर्तुळ दिसत असेल, तर आखणी हाताने झाली. भोके अचूक समान कोनांवर असतील आणि आखणीची एकही रेषा नसेल, तर मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड वापरणारा टूलरूममधला माणूस त्यात होता. चुकून पाडलेले आणि वेल्डिंगने बुजवलेले भोक हे तर प्रयत्नाच्या क्रमाचे दस्तऐवजच होय: आधी एक मोटर बसवली, ती जमली नाही, दुसरी बसवली. बोल्ट इंची आटे असलेले की मेट्रिक, हेही पाहावे, कारण भारतात मेट्रिक पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने आली आणि जुना कारागीर पुष्कळ वर्षे आपल्या डब्यातले इंची बोल्टच वापरत राहिला. काही प्लेटींच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने किंवा अक्षरांच्या पंचने लिहिलेली मापे, आद्याक्षरे किंवा तारीख असते. संग्राहक गाडी चमकवण्याच्या नादात नेमकी हीच बाजू सँडब्लास्ट करून घेतो, आणि गाडीचा एकमेव स्वाक्षरीचा कागद पुसला जातो. अशा गाडीच्या जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी ही प्लेट काढून दोन्ही बाजूंनी तिची छायाचित्रे घेणे हा नियम असायला हवा.

कागदोपत्री शोध यानंतरचा. १९८९ पूर्वीच्या महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांकात तीन अक्षरे असत. त्यांपैकी पहिले राज्याचे, म्हणजे ‘एम’, आणि १९६० पूर्वीच्या मुंबई राज्याच्या गाड्यांवर ‘बी’. मोटार वाहन कायदा १९८८ लागू झाल्यावर एमएच-१२ पुणे, एमएच-१४ पिंपरी-चिंचवड ही आजची पद्धत आली. क्रमांक मूळ पेट्रोल गाडीचा असला तरी तिच्या मालकीची साखळी त्यावरून लावता येते. याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याने दिलेल्या तपशिलांना विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायला मनाई केली, आणि पेट्रोल गाडीला विजेचे किट बसवण्याची रीतसर वाट २०१६ च्या नियमबदलापर्यंत खुली झाली नाही. ज्यांनी त्याआधी हे धाडस केले त्यांनी ते कागदावर आणले नाही, याचे कारण एवढे साधे आहे. पेटंट घेण्याची हिंमत करणारे थोडे असले तरी त्यांचे अर्ज भारताच्या राजपत्राच्या तिसऱ्या भागात छापले जात, आणि ते अंक ग्रंथालयांत पाहता येतात.

घरगुती रूपांतराची नोंद नीट ठेवली तर काय होते, याचे आपल्या शेजारचे उदाहरण काठमांडूचे आहे. तेथे १९९३ मध्ये धूर ओकणाऱ्या एका डिझेल विक्रम टेम्पोचे विजेवर चालणाऱ्या वाहनात प्रायोगिक रूपांतर झाले; ७२ व्होल्टचा बॅटरीसंच, दुपारी चार्जिंग केंद्रावर संच बदलण्याची सोय, आणि सगळे मोजून लिहून ठेवलेले. त्या एका नमुन्यातून साफा टेम्पोंचा शेकड्यांनी मोजावा असा ताफा उभा राहिला, आणि त्यांतील पुष्कळ टेम्पो स्त्रिया चालवू लागल्या. लखनौच्या स्कूटर्स इंडियानेही १९९६ साली विक्रम साफा नावाने विजेची तीनचाकी काढली. एका शेडमधले काम पुढच्या माणसाच्या उपयोगी पडले ते मापे लिहिली गेली म्हणून.

या पट्ट्यात मात्र पुरावे वेगाने नाहीसे होत आहेत. चिखलीजवळची कुदळवाडी हा अनेक वर्षे कारखान्यांतून निघालेल्या मोटरी, पॅनेल, गिअरबॉक्स आणि पत्र्यांचा प्रचंड बाजार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी मोहिमेत तेथील गोदामे आणि पत्राशेड जमीनदोस्त झाली. मोहिमेच्या कायदेशीर बाजूचा विचार येथे प्रस्तुत नाही, परंतु कोणती मोटर कोणत्या कारखान्यातून कधी निघाली हे तोंडपाठ असणारी माणसे त्या शेडबरोबर विखुरली, हे नुकसान मोजायला कोणतेही कोष्टक नाही. दुसरीकडे जुनी वाहने मोडीत काढण्याचे २०२१ चे नियम आले, आणि त्याच वर्षी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा क्रमांक देण्याची सोय झाली. पण ती पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून आणि मूळ स्वरूप टिकलेले असेल तरच मिळते. इंजिन काढून मोटर बसवलेली गाडी तिच्यात बसत नाही. श्रीमंताची आयात गाडी वारसा ठरते आणि फिटरने डोके लढवून केलेली गाडी कायद्याच्या नजरेत केवळ बेकायदा फेरफार ठरते, ही व्याख्या बदलायला हवी. या पट्ट्याच्या रस्त्यांवर आज चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या आणि आकुर्डीला तयार झालेल्या चेतकच्या विजेच्या गाड्या धावतात. त्यांच्याआधी येथील कारागिरांनी जे करून पाहिले त्याला चिंचवडच्या सायन्स पार्कसारख्या सार्वजनिक संस्थेत एक दालन मिळणे अवाजवी नाही.

तोपर्यंत वाचकांना एक विनंती. तळेगाव, देहूरोड, भोसरी, चाकण किंवा अन्यत्र कोणाच्या शेडमध्ये, वाड्याच्या पडवीत किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या मागे अशी गाडी, किंवा तिचा नुसता सांगाडा, उभा असेल, तर तो भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी चार गोष्टींची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून घ्यावीत: मोटरची नावपट्टी आणि टोकांवरची अक्षरे, नियंत्रणपेटीचा आतील भाग, बॅटऱ्यांचा ट्रे आणि अॅडॉप्टर प्लेटच्या दोन्ही बाजू. घरातील ज्या ज्येष्ठ व्यक्तीने ती गाडी चालताना पाहिली असेल तिच्याकडून साल, रस्ता आणि चार्जिंग कोठे होत असे एवढे तरी त्याच दिवशी लिहून घ्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत गावातील वाचनालयात द्यावी.